कॅम्पिंग गॅस कॅनिस्टर

कॅम्पिंग गॅस कॅनिस्टर हा गिर्यारोहक व पदभ्रमंती करणारे यांच्या छोट्या शेगडीला इंधन पुरवणारा, एकदाच वापरण्यासाठी बनवलेला पोलादी डबा होय. त्यात आयसोब्युटेन, ब्युटेन व प्रोपेन यांचे मिश्रण दाबाखाली द्रवरूपात भरलेले असते. पोलाद पुनर्प्रक्रियेस योग्य असले, तरी ‘रिकामा’ डबा बहुधा पूर्णपणे रिकामा नसतो. विल्हेवाटीतील मुख्य अडचण हीच आहे.

उरलेले इंधन

प्रोपेन उणे ४२, आयसोब्युटेन सुमारे उणे १२ आणि ब्युटेन उणे ०.५ अंश सेल्सिअसला उकळतो. त्यामुळे वापरादरम्यान प्रोपेन तुलनेने लवकर निघून जातो व शेवटी मुख्यतः इतर दोन घटक उरतात. हिमालयातील थंड पहाटे शेगडी विझली म्हणजे इंधन संपले असे नव्हे. तोच डबा उष्ण गावात आणल्यावर पुन्हा पेटू शकतो. असा डबा कचरागाडीत चिरडला गेल्यास आग लागू शकते आणि शेकोटीत टाकल्यास तो फुटतो. गळणारा वायू हवेपेक्षा जड असल्याने खोलगट जागी साचतो.

डबा हलवून केलेला अंदाज फसवा असतो. नव्या डब्याच्या एकूण वजनातून छापील निव्वळ वजन वजा केल्यास रिकाम्या डब्याचे वजन कळते व पुढे साध्या काट्यावर शिल्लक इंधन मोजता येते.

विल्हेवाट

मोकळ्या हवेत, उबदार वातावरणात ज्योत आपोआप विझेपर्यंत शेगडी चालू ठेवतात. त्यानंतर शेगडी काढून, आगीपासून दूर, खास हत्याराने डब्याला भोक पाडतात. जेटबॉइल कंपनीचे ‘क्रंचइट’ हे असे एक हत्यार आहे. भोक दिसत असल्यास भंगारवाल्यालाही डबा रिकामा असल्याची खात्री पटते.

विमानाच्या कोणत्याही सामानात हे डबे नेण्यास मनाई आहे. त्यामुळे महाराष्ट्रातून हिमालयात गेलेल्या चमूंपाशी परतीच्या वेळी अर्धवट डबे उरतात. ते हॉटेलच्या खोलीत सोडण्यापेक्षा पुढे निघालेल्या चमूला देणे श्रेयस्कर ठरते.

पुनर्भरण

मोठ्या डब्यातून लहान डब्यात गॅस भरणारी जोडणी बाजारात मिळते, मात्र उत्पादक पुनर्भरणास मनाई करतात. प्रमाणाबाहेर भरल्यास द्रवाला प्रसरण पावण्यास जागा उरत नाही व डबा फुटू शकतो. पुन्हा भरता येणाऱ्या टाक्या हा वेगळा पर्याय आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने २०२२ मध्ये कायदा करून, एकदाच वापरण्याच्या छोट्या प्रोपेन टाक्यांच्या विक्रीवर १ जानेवारी २०२८ पासून बंदी घातली आहे.