मत्स्य-शाकाहार (वसई-विरार)

मटण-चिकन वर्ज्य करून धान्य, कडधान्य, भाजीपाला आणि दूध-अंड्यांबरोबर मासळी खाण्याची आहारपद्धती. पालघर जिल्ह्यातील या पट्ट्याला ती परकी नाही. कॅथलिक घरांत राखेच्या बुधवारपासूनच्या उपवासकाळात शुक्रवारी मांस बंद असते, मासळी चालते. अनेक हिंदू घरांत सोमवार, गुरुवार आणि चतुर्थीला मासळीही नसते. पाचूबंदर, नायगाव, अर्नाळ्याची ताजी मासळी दारात येत असताना मटण सोडणे सोपे. ताटात कोणता मासा आणि कसा, हे ठरवणे अवघड.

अमेरिकेतील अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथीयांच्या २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असा आहार घेणाऱ्यांचे मृत्युप्रमाण मांसाहाऱ्यांपेक्षा सुमारे १९ टक्के कमी आढळले. ब्रिटनमधील २०१९ च्या अभ्यासात त्यांच्यात हृदयधमनीविकार १३ टक्के कमी दिसला. अशी माणसे सहसा एकूणच प्रकृतीला जपणारी असतात, त्यामुळे सगळे श्रेय माशाला देता येत नाही.

मान आणि भाव पापलेटला असला, तरी ओमेगा-३ स्निग्धाम्लांसाठी स्वस्त तारली आणि बांगडाच सरस. ताज्या बोंबलात बहुतांश पाणी, चरबी अगदी कमी. ब-१२ जीवनसत्त्व, आयोडीन आणि प्रथिने मासळीतून मिळतात. लोहासाठी मात्र वालाचे बिरडे, पालेभाजी ताटात हवीच. आठवड्यातून दोनदा मासे खाण्याचा अमेरिकन हार्ट असोसिएशनचा सल्ला तळलेल्या तुकडीसाठी नाही. रव्यात घोळून भरपूर तेलात तळलेल्या सुरमईपेक्षा चिंच घातलेले बांगड्याचे कालवण केव्हाही चांगले.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा सुकी मासळी निघते. अर्नाळ्याला दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ते बांबूच्या वलांडीवर टांगतात. ते बहुधा मिठाशिवायच उन्हात वाळतात. खारवलेली मुशी किंवा बांगडा यांत मीठ भरपूर असते. रक्तदाब असलेल्यांनी खारे टाळावे, निदान भिजवून पाणी फेकून द्यावे.

मुशी आणि मोठ्या सुरमईत पारा साठतो, म्हणून गरोदर स्त्रिया व लहान मुलांना लहान मासळी बरी. यूरिक आम्ल वाढलेल्यांनी तारली-बांगडा बेतानेच खावा. कोलंबी-चिंबोरीची अ‍ॅलर्जी असल्यास ती पूर्ण वर्ज्य करावी.