एका छपराखाली दोन सभागृहे : कॅन्सस, १८९३

१५ फेब्रुवारी १८९३. अमेरिकेच्या कॅन्सस राज्याची राजधानी टोपीका. विधानभवनाचे बांधकाम अजून पूर्ण व्हायचे होते, आणि त्या सकाळी त्याच्याच एका बंद दारावर लोखंडी घणाचे घाव पडत होते. घाव घालणारे दरोडेखोर नव्हते, राज्याचे लोकप्रतिनिधी होते. दाराआड बसलेल्यांचाही दावा हाच होता की, लोकप्रतिनिधी आपणच. या प्रसंगाला कॅन्ससच्या इतिहासात ‘विधिमंडळातील युद्ध’ म्हणतात.

प्रकरण समजण्यासाठी तीन वर्षे मागे जावे लागते. १८८०च्या दशकाच्या अखेरीस कॅन्ससमधील शेतकरी दुष्काळ, धान्याचे कोसळलेले भाव, गहाण पडलेल्या जमिनी आणि रेल्वे कंपन्यांचे मालभाडे अशा चहूबाजूंच्या माऱ्यात सापडला होता. यादवी युद्धापासून राज्यावर जवळपास अखंड सत्ता होती ती रिपब्लिकन पक्षाची. १८९० साली शेतकरी संघटनांतून ‘पीपल्स पार्टी’ उभी राहिली. तिचे अनुयायी म्हणजे पॉप्युलिस्ट. त्याच वर्षीच्या निवडणुकीत या नवख्या पक्षाने १२५ सदस्यांच्या प्रतिनिधिगृहात नव्वदहून अधिक जागा जिंकल्या.

तरी राज्य हाती आले नाहीच. चाळीस जणांचे सिनेट १८८८ साली चार वर्षांसाठी निवडलेले होते, म्हणजे लाट येण्याआधीचे. गव्हर्नरही रिपब्लिकन. (गव्हर्नर म्हणजे आपल्याकडील राज्यपाल नव्हे. तो जनतेने निवडलेला शासनप्रमुख असतो.) त्यामुळे १८९१च्या अधिवेशनात एका सभागृहाने विधेयके संमत करायची आणि दुसऱ्याने ती अडवायची, असेच चालले. एक गोष्ट मात्र सिनेट अडवू शकले नाही. त्या काळी वॉशिंग्टनमधील सिनेटर राज्यांची विधिमंडळे संयुक्त बैठकीत निवडत. तेथे पॉप्युलिस्टांची संख्या भारी पडली आणि अठरा वर्षे पदावर असलेल्या जॉन इंगल्स यांच्या जागी विल्यम पेफर निवडून आले.

१८९२ साली फासे उलटे पडले. डेमोक्रॅटांच्या साथीने पॉप्युलिस्टांचे लोरेन्झो ल्युएलिंग गव्हर्नर झाले, सिनेटही हाती आले. राहिले प्रतिनिधिगृह. निवडणूक प्रमाणपत्रांनुसार तेथे रिपब्लिकन ६३, पॉप्युलिस्ट ५८, उरलेले मूठभर डेमोक्रॅट व अपक्ष. १२५चे काठावरचे बहुमत म्हणजे नेमके ६३.

पॉप्युलिस्टांचा आक्षेप या प्रमाणपत्रांवरच होता. हास्केल परगण्यातील प्रकार तर उघड होता. तेथे मते पॉप्युलिस्ट उमेदवाराला जास्त, परंतु निकालपत्रकातील कारकुनी चुकीने प्रमाणपत्र गेले रिपब्लिकनाच्या हाती. सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले की, मतमोजणी मंडळाने कागदावर जे आहे तेच पाहायचे. अशा वादग्रस्त दहा रिपब्लिकनांनी आपापल्या वादाचा निवाडा होईपर्यंत मतदान करू नये, अशी पॉप्युलिस्टांची मागणी होती. ती मान्य झाली असती, तर ६३चे ५३ उरले असते.

खरी मेख येथे आहे. कॅन्ससच्या राज्यघटनेनुसार सदस्यांच्या निवडीचा न्यायनिवाडा करण्याचा अधिकार त्या त्या सभागृहाचा. भारतात निवडणूक याचिका उच्च न्यायालयात जाते, त्यामुळे हा पेच आपल्या चटकन ध्यानात येत नाही. सदस्य कोण, हे सभागृह ठरवणार. पण सभागृह स्थापन होण्याआधी मतदान करणारे सदस्य कोण, हे कोणी ठरवायचे? पहिल्या तासाला ज्याची हजेरी ग्राह्य धरली जाईल, तोच पुढे सर्व वादांचा न्यायाधीश होणार होता. त्या तासासाठी दोन्ही बाजू जिवाचे रान करायला तयार झाल्या, यात नवल नाही.

१० जानेवारी १८९३ रोजी अधिवेशनासाठी सगळे एकाच दालनात जमले. सदस्यांची अधिकृत यादी राज्य सचिवांकडे होती आणि सचिव पॉप्युलिस्ट होते. त्यांनी अध्यक्षस्थान घ्यावे की नाही, यावर खटका उडाला आणि ते यादी घेऊन निघून गेले. पाठोपाठ दोन्ही पक्षांनी एकाच वेळी, एकाच व्यासपीठावर आपापला अध्यक्ष निवडला. रिपब्लिकनांचे जॉर्ज डग्लस, पॉप्युलिस्टांचे जे. एम. डन्समोर. दोघे शेजारी शेजारी उभे राहून हातोडा आपटत होते. एक जण सदस्याला बोलायची परवानगी देई, तर दुसरा त्याच क्षणी दुसऱ्याला. कोणीही जागा सोडेना, कारण जागा सोडणे म्हणजे दावा सोडणे.

पुढे दोघांनी दालनाच्या वेळा वाटून घेतल्या आणि कित्येक आठवडे एकाच दालनात दोन प्रतिनिधिगृहे भरत राहिली. गव्हर्नर व सिनेट यांनी डन्समोर यांच्या गृहाला मान्यता दिली. त्याने संमत केलेली विधेयके सिनेटकडे जाऊ लागली आणि गव्हर्नर त्यांवर सह्या करू लागले. डग्लस यांचे गृह मात्र एकटेच कामकाज चालवत राहिले. ही कोंडी न्यायालयाखेरीज सुटणारी नाही, हे ओळखून रिपब्लिकनांनी १४ फेब्रुवारीला डन्समोर गृहाच्या मुख्य लिपिकाला अटक करण्याचा प्रयत्न केला. पॉप्युलिस्टांनी त्याला सोडवले आणि त्या रात्री दालनाची दारे आतून लावून घेतली.

दुसऱ्या दिवशी घण चालला तो या दारांवर. रिपब्लिकन आत घुसले, पॉप्युलिस्ट बाहेर पडले आणि आता दारे लावून बसण्याची पाळी रिपब्लिकनांची होती. गव्हर्नरांनी मिलिशिया बोलावली, तर शेरीफने रिपब्लिकनांच्या बाजूने माणसे उभी केली. विधानभवनाभोवती दोन्हीकडे बंदुका दिसू लागल्या. आत अडकलेल्यांना फेब्रुवारीच्या थंडीत दिवस काढावे लागले. निर्णायक क्षण आला तो कर्नल ह्यूझ यांच्या नकाराने. दालन रिकामे करण्याचा आदेश त्यांनी पाळला नाही. ते स्वतः रिपब्लिकन होते आणि पुढे त्यांच्यावर लष्करी न्यायालयात खटलाही चालला. ल्युएलिंग यांच्यापुढे आता रक्तपात किंवा माघार हे दोनच मार्ग होते. त्यांनी माघार घेतली. या गव्हर्नरांना दुबळे ठरवणारे त्या काळी पुष्कळ होते, पण दुसरी वाट निवडली असती तर विधानभवनात प्रेते पडली असती, हे विसरता येत नाही. तहानुसार दालन रिपब्लिकनांकडे राहिले आणि डन्समोर यांचे गृह दुसऱ्या खोलीत भरू लागले.

निकाल २५ फेब्रुवारीला लागला. डग्लस गृहाच्या समितीपुढे साक्षीला येण्यास नकार देणाऱ्या गन नावाच्या गृहस्थाच्या अटकेचे निमित्त होते. सर्वोच्च न्यायालयात तीन न्यायमूर्ती होते, त्यांपैकी दोघे रिपब्लिकन आणि एक नुकताच निवडून आलेला पॉप्युलिस्ट. निकालही दोन विरुद्ध एक असाच लागला. प्रमाणपत्रधारक हा प्रथमदर्शनी सदस्य, त्याच्याविरुद्धचा वाद नंतर मिटवावा, असे बहुमताचे म्हणणे होते. कायद्याच्या दृष्टीने हे तत्त्व सबळ आहे. अन्यथा कोणीही नुसता आक्षेप नोंदवून समोरचे बहुमत बाद करू शकला असता. न्यायमूर्तींची विभागणी मात्र पक्षनिहाय झाली, हे पॉप्युलिस्टांच्या मनातून कधीच गेले नाही.

तीन दिवसांनी पॉप्युलिस्ट सदस्य डग्लस यांच्या गृहात येऊन बसले. डन्समोर गृहाचे कामकाज निरर्थक ठरले होते आणि अधिवेशनाचे थोडेच दिवस हाती होते. त्यात गुप्त मतपत्रिकेचा कायदा झाला. स्त्रियांना मताधिकार देणारी घटनादुरुस्ती जनमतास टाकण्याचे ठरले, ती १८९४ साली मतदारांनी फेटाळली. ज्या रेल्वे नियंत्रणासाठी शेतकऱ्याने हा सारा खटाटोप केला होता, ते विधेयक पारित झालेच नाही. १८९४च्या निवडणुकीत ल्युएलिंगही पडले.

एक अपत्य मात्र त्या गोंधळातून तगले. जानेवारीत, दोन गृहांचा तिढा ऐन भरात असताना, संयुक्त बैठकीने पॉप्युलिस्टांच्या पाठिंब्यावर डेमोक्रॅट जॉन मार्टिन यांना सिनेटर म्हणून निवडले होते. डन्समोर यांचे गृह पुढे बेकायदा ठरले, पण वॉशिंग्टनने मार्टिन यांना आसन दिले आणि ते १८९५पर्यंत त्या आसनावर राहिले.