संघाची ञत्ती आणि संविधानाचा पाठ

पिंपरी-चिंचवडलगतच्या देहूरोड येथे २५ डिसेंबर १९५४ रोजी परमपूज्य बाबासाहेबांच्या हस्ते बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना झाली. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला आकाशवाणीवरील भाषणात त्यांनी सांगितले होते की, स्वातंत्र्य, समता व बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीपासून नव्हे, तर आपले गुरू भगवान बुद्ध यांच्या शिकवणुकीतून घेतली आहेत. या औद्योगिक पट्ट्यातील आपल्या मुलांना हा संबंध समजावून सांगणे आम्ही विहारांचे कर्तव्य मानतो.

२०२० च्या प्रजासत्ताक दिनापासून राज्यातील शाळांत उद्देशिकेचे वाचन अनिवार्य करण्याचा निर्णय झाला. तो स्वागतार्हच आहे. परंतु पाठांतर म्हणजे आकलन नव्हे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी भिक्खुसंघाच्या सभानियमांचा दाखला दिला होता. विनयपिटकात हे नियम तपशिलाने आले आहेत. उपसंपदेसारख्या महत्त्वाच्या कर्मासाठी प्रथम ‘ञत्ती’ म्हणजे प्रस्ताव मांडावयाचा. नंतर तीन वेळा ‘अनुस्सावना’ म्हणजे घोषणा करावयाची. ज्यास मान्य असेल त्याने मौन राहावे, ज्यास मान्य नसेल त्याने बोलावे. वाद न मिटल्यास शलाका वाटून बहुमत पाहिले जाई. आजारी भिक्खूची संमतीही ‘छंद’ म्हणून संघास कळविली जाई.

असहमतास तीनदा संधी देणारी ही परंपरा समजली, की अनुच्छेद १९ मधील भाषणस्वातंत्र्य विद्यार्थ्यास परके वाटत नाही. चौदा वर्षांखालील मुलांना कारखान्यात कामास ठेवण्यास मनाई करणारा अनुच्छेद २४ तर येथील प्रत्येक मुलास ठाऊक असावयास हवा. विहारातील वर्गात वंदनेनंतर मुलांनी स्वतः प्रस्ताव मांडावा, तीनदा घोषित करावा आणि विरोध करणाऱ्याचे म्हणणे शांतपणे ऐकावे, असे आम्ही सुचवितो.