राजा नृग, सरडगुहिरा आणि मालकीचा प्रश्न

१/ सुटका केलेला सरडगुहिरा घरी आणून पाळावा काय? प्रश्न आजचा भासतो; परंतु ‘हा जीव कोणाचा?’ हा त्यामागील प्रश्न आपल्या परंपरेत फार जुना आहे. आजचा धागा त्याविषयी.

२/ भागवताच्या दशम स्कंधात एक कथा आहे. खेळून तहानलेल्या यादवकुमारांना कोरड्या विहिरीत पर्वतप्राय कृकलास दिसला. कृकलास म्हणजे सरडा. चामड्याच्या व सुताच्या दोऱ्या बांधूनही तो वर येईना. अखेर श्रीकृष्णाने डाव्या हाताने त्याला सहज बाहेर काढले. तो होता शापित राजा नृग. सरड्याच्या सुटकेची ही बहुधा आपली सर्वांत प्रसिद्ध कथा.

३/ नृगाचा अपराध कोणता? दुसऱ्याची गाय चुकून त्याच्या कळपात मिसळली आणि ती त्याने दान दिली. हेतू शुद्ध होता, दानही मोठे होते; पण जे आपले नव्हते ते त्याने आपले मानले. हा मुद्दा ध्यानात ठेवावा.

४/ आता प्राण्याविषयी. मराठीत सरडगुहिरा किंवा घोयरा. शास्त्रीय नाव ‘कॅमेलिओ झेलॅनिकस’. ते १७६८ मध्ये लॉरेंटी यांनी दिले. नावात सिंहल असले, तरी भारतीय द्वीपकल्पातील झुडपी रानांतही त्याचा वास आहे. दोन व तीन बोटांच्या जुळलेल्या पकडीने तो फांदी धरतो आणि दोन डोळे दोन दिशांना फिरवतो.

५/ ॲरिस्टॉटलने या कुळातील प्राण्याचे बारकाईने वर्णन केले. पुढे प्लिनीने मात्र तो केवळ हवेवर जगतो असे लिहून ठेवले. आपल्याकडे तो विषारी असल्याचा समज आहे. दोन्ही गोष्टी असत्य. तो कीटक खातो आणि विषारी नाही. रंगबदलही प्रामुख्याने लपण्यासाठी नसतो. ऊन, भीती, क्रोध, प्रणय यांची ती भाषा असते. २०१५ मध्ये जिनिव्हा येथील संशोधकांनी मादागास्करच्या एका जातीत दाखवले, की त्वचेतील सूक्ष्म स्फटिकांमधील अंतर बदलले की रंग बदलतो.

६/ कायद्याच्या नजरेत मात्र तो फार उशिरा आला. १८८७ चा कायदा पक्ष्यांपुरता होता. १९१२ च्या कायद्याच्या यादीत हरणे, गवे, गेंडे, ससे यांना जागा मिळाली, सरपटणाऱ्यांना नाही. शिकाऱ्याला ज्यांचे मोल, त्यांचेच रक्षण, अशी ती दृष्टी होती.

७/ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ही दृष्टी पालटली आणि त्याच्या अनुसूचीत सरडगुहिऱ्यालाही स्थान मिळाले. येथे ‘शिकार’ या शब्दात पकडणेही येते. कलम ३९ नुसार नियमबाह्य रीतीने पकडलेला वा बाळगलेला वन्य प्राणी शासनाची मालमत्ता ठरतो. अशी मालमत्ता हाती आल्यास ४८ तासांच्या आत पोलीस ठाण्यास वा अधिकृत अधिकाऱ्यास कळवावे लागते. म्हणजे ‘दत्तक’ घेण्याचा मार्ग कायद्याने बंद आहे.

८/ आता डहाणूकडे वळू. २० जून १९९१ च्या अधिसूचनेने हा तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमले गेले. याच डहाणूत जखमी समुद्री कासवांचे शुश्रूषा केंद्र आहे. तेथील तत्त्व साधे: जखम भरली की कासव पुन्हा समुद्रात. शुश्रूषेने मालकी निर्माण होत नाही.

९/ याच तालुक्यातील गंजाड हे जिव्या सोमा म्हसे यांचे गाव. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते निवर्तले. तांदळाच्या पिठाच्या एकाच पांढऱ्या रंगात माणूस, झाड, पक्षी, किडामुंगी रेखणारी वारली कला त्यांनी भिंतीवरून जगापुढे नेली. तिच्या चौकटीत कोणी पाळलेला आणि कोणी पाळणारा असा भेद सहसा जाणवत नाही.

१०/ मग कुंपणावर सरडगुहिरा दिसला तर? धडधाकट असेल तर त्याला त्याच्या वाटेने जाऊ द्यावे. अंडी घालण्यासाठी मादी जमिनीवर उतरते, ती ‘हरवलेली’ नसते. जखमी असेल तर हवा खेळती राहील अशा खोक्यात धरायला फांदी ठेवून ते सावलीत ठेवावे, हाताळणे टाळावे आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. वाटीतले पाणी तो बहुधा ओळखत नाही; पानावरचे दवबिंदू चाटतो. पिंजऱ्यात तो का झुरतो, हे एवढ्यावरूनही उमजावे.

११/ ‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ असे आपण हिणवून म्हणतो. या जीवाच्या बाबतीत कुंपणाच्या आत थांबायचे ते आपण. नृगाला विहिरीतून काढणाऱ्याने त्याला द्वारकेत पाळले नाही. मोकळे करून त्याच्या लोकी जाऊ दिले. सुटका ती हीच.