सी. पी. बेरार आणि उत्तरभागाची परंपरा
1950 साली ‘मध्यप्रांत व वऱ्हाड’ हे नाव सरकारी दप्तरातून गेले आणि 1956 मध्ये नागपूरची राजधानीही गेली, तरी चित्रपट-वितरणाच्या व्यवसायाने ‘सी. पी. बेरार’ या इंग्रजी नावाने तोच मुलूख आपल्या हिशेबात अबाधित राखला असून ‘क्रिश 3’सारख्या महानायकपटाची वसुलीही त्याच नावे मांडली गेली. ‘क्रिश 3’ ज्या उत्तरभागांपैकी एक, त्या उत्तरभागाची प्रथा मात्र या स्थित्यंतरांहूनही जुनी: 1935 च्या ‘हंटरवाली’त मुखवटा धारण करून दुष्ट मंत्र्याचे पारिपत्य करणारी अभिनेत्री नाडिया 1943 मध्ये ‘हंटरवाली की बेटी’तून परतली. अशा पुनरागमनात एका रसिकास तोच हंटर हवा असतो, दुसऱ्यास नवी कथा. दोघांचेही म्हणणे मला न्याय्य वाटते, कारण आठ वर्षे नायिकेची प्रतीक्षा केलेल्या प्रेक्षकाला तिचा जुना आवेश आणि अपूर्व साहस ही दोन्ही मागण्याचा हक्क आहे.