पेठ, तालीम आणि फुटबॉलचा संघ

अमरावतीहून यवतमाळास जाणाऱ्या सडकेवर नेर हे तालुक्याचे गाव लागते. भोवतालचा मुलूख काळ्या मातीचा व कापसाचा. अशा गावातील एखाद्या विद्यार्थ्यास फुटबॉलमधील त्याच्या आवडत्या संघाचे नाव विचारले, तर तो मँचेस्टरचे किंवा बार्सिलोनाचे नाव सांगेल, असा संभव फार. ती शहरे त्याने पाहिलेली नसतात, तेथे त्याचे कोणी आप्तही नसतात. दूरचित्रवाणीच्या पडद्यावर एखाद्या रात्री एका खेळाडूची चपळाई मनात भरली, अथवा थोरल्या भावाने त्या संघाचा सदरा आणला, एवढ्यावरून ही निष्ठा जडते. आणि एकदा जडली की सहसा सुटत नाही. संघ हरला की तो मुलगा पानावरून मुकाट्याने उठतो. हजारो मैलांवरच्या अकरा परक्या माणसांच्या पराभवाने नेरमधील एका घरी अन्न गोड लागू नये, ही गोष्ट वडील माणसांस हास्यास्पद वाटते. तथापि तिचा इतिहास पाहू गेल्यास हसण्याचे फारसे कारण उरत नाही.

मँचेस्टर हे नाव वऱ्हाडास नवे नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस लँकेशायर परगण्यातील गिरण्यांना मिळेनासा झाला, आणि हिंदुस्थानच्या कापसास एकाएकी सोन्याचा भाव आला. वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे इंग्रज व्यापाऱ्यांचे डोळे लागले. पुढे मूर्तिजापूरहून दारव्ह्यावरून यवतमाळपर्यंत जी अरुंद रुळांची रेल्वे टाकण्यात आली व जिला लोक प्रेमाने ‘शकुंतला’ म्हणू लागले, ती मुख्यतः कापूस वाहून नेण्यासाठीच होती. मुंबई बंदरातून जहाजांत चढलेल्या गाठी ज्या गिरण्यांत जात, त्या गिरण्यांच्या आसपासच फुटबॉलच्या निष्ठेचा जन्म झाला.

हे कसे घडले ते पाहण्यासारखे आहे. लँकेशायरमधील ब्लॅकबर्न, बोल्टन, बर्नली, प्रेस्टन ही गावे गिरण्यांमुळे दोन-तीन पिढ्यांत फुगली. खेड्यापाड्यांतून आलेल्या मजुरांस तेथे ना वाडवडिलांचे घर, ना ओळखीचे देवालय. शेजारी परका आणि गल्ली नवी. १८५० च्या कायद्याने कापडगिरण्यांतील शनिवारचे काम दुपारी दोन वाजता थांबवण्याचे ठरले, आणि मजुरांच्या हाती आयुष्यात प्रथमच एक मोकळी दुपार आली. त्या दुपारी काय करावयाचे, या प्रश्नास मिळालेल्या उत्तरांपैकी फुटबॉल हे एक होते. १८८८ साली बारा संघांनी मिळून जगातील पहिली फुटबॉल लीग स्थापन केली, तेव्हा त्यांपैकी सहा संघ एकट्या लँकेशायरचे होते. खुद्द मँचेस्टरच्या आजच्या जगप्रसिद्ध संघाचे मूळ याहून साधे आहे. न्यूटन हीथ येथील रेल्वेच्या डबे-कारखान्यातील कामगारांनी १८७८ साली तो काढला. ‘मँचेस्टर युनायटेड’ हे नाव त्याला १९०२ मध्ये मिळाले.

ब्लॅकबर्नच्या विणकराने ब्लॅकबर्नचा संघ निवडला, असे म्हणणे चुकीचे होईल. त्याने काहीच निवडले नव्हते. तो त्या गावी राहत होता आणि संघाला गावाचे नाव होते. नव्या, ओळख नसलेल्या वस्तीस ‘आमचे गाव’ म्हणण्याची सवय त्याला मैदानाच्या कडेला उभे राहून लागली.

महाराष्ट्रात या प्रकाराचा अगदी जवळचा दाखला शोधू लागल्यास तो मुंबईत न सापडता कोल्हापुरात सापडतो. येथील संघांची नावेच पाहावीत : पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ. फुटबॉलच्या संघास तालमीचे नाव असावे, हे परगावच्या माणसास कोडेच वाटते. त्याचा उलगडा असा की, येथे तालीम आधी होती आणि चेंडू मागाहून आला.

राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत, म्हणजे १८९४ ते १९२२ या काळात, कुस्तीस जो राजाश्रय मिळाला त्याने कोल्हापूर ही मल्लांची राजधानी झाली. खासबागेचे विस्तीर्ण कुस्तीमैदान हे त्याचेच फळ. पण तालीम म्हणजे केवळ लाल मातीचा हौदा नव्हे. ती पेठेची चावडीच म्हणावी. तेथे मारुतीची पूजा होई, गणपती बसे, मोहरमात पंजे बसत आणि त्यांच्या सेवेत हिंदूही असत. भांडणे तेथे मिटत. क्वचित तेथूनच सुरूही होत. पेठेतला पोर वयात येऊ लागला की त्याचे पाय तालमीकडे वळावयाचे, हे ठरलेलेच.

कुस्ती व फुटबॉल यांत मात्र एक मोठा भेद आहे. कुस्तीत पेठेचा मान एकट्या पैलवानाच्या पाठीवर असतो. तो चीत झाला की सर्वांच्या माना खाली. शिवाय तसा पैलवान घडण्यास वर्षे लागतात, खुराकास पैसा लागतो, आणि पुष्कळदा तो परगावाहून आलेला असतो. फुटबॉलच्या अकरा जणांत पेठेतली अकरा घरे उभी राहतात. गोलरक्षक हा शेजारच्या वाड्यातला, तर उजव्या बगलेवर धावणारा दूधवाल्याचा मुलगा, असे एकदा झाले की सामना पाहावयास जाणारा प्रेक्षक राहत नाही. तो नातलग होतो. तालमीने हा परदेशी खेळ इतक्या सहजपणे का उचलला, याचे कारण बहुधा येथेच आहे. पेठेस अंगी असलेली ईर्षा दाखवण्यास एक अधिक ऐसपैस आखाडा मिळाला.

म्हणूनच कोल्हापूरच्या मुलास ‘तुझा संघ कोणता?’ असे विचारणे हे ‘तू राहतोस कोठे?’ असे विचारण्यासारखेच आहे. शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ यांची चुरस शाहू स्टेडियमवर जमलेल्या गर्दीत ज्याने पाहिली, त्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. प्रथम शेजार, मग संघ, आणि खेळातील मर्म कळणे हे सर्वांत शेवटी, असा येथील क्रम. कित्येकांच्या बाबतीत ती शेवटची पायरी येतही नाही, आणि त्यावाचून त्यांचे काही अडतही नाही! एका पेठेची लेक दुसऱ्या पेठेत नांदावयास गेली, तर अंतिम सामन्याच्या दिवशी तिने माहेरचा झेंडा धरावा की सासरचा, याचे उत्तर फुटबॉलच्या नियमावलीत नाही. ते ज्या त्या घरी ज्याचे त्याने शोधावयाचे.

राहत्या जागेवरून निष्ठा ठरते हे खरे. पण जागा सुटली म्हणजे ती निष्ठा संपते काय? कलकत्त्याचा अनुभव याच्या उलट आहे. २९ जुलै १९११ रोजी मोहन बागान संघाने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या गोऱ्या संघास दोन विरुद्ध एक अशा गोलांनी हरवून आय. एफ. ए. शील्ड जिंकली. एक खेळाडू वगळता सारे अनवाणी खेळले होते. त्या दिवसापासून तो संघ कलकत्त्याच्या अभिमानाचा विषय झाला. पुढे १९२० च्या जुलैत जोडाबागान संघाने मोहन बागानविरुद्धच्या सामन्यात शैलेश बोस या पूर्व बंगालच्या खेळाडूस वगळले. संघाचे उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधरी यांची विनवणी व्यर्थ गेली, तेव्हा ते बाहेर पडले आणि १ ऑगस्ट रोजी ‘ईस्ट बंगाल’ हा संघ जन्मास आला. १९४७ साली फाळणी झाली व पूर्वेकडून निर्वासितांचे लोंढे आले. त्यांची शेते, नद्या, घरे सीमेपलीकडे राहिली. गावाचे नाव उच्चारण्याची एक जागा मात्र कलकत्त्याच्या मैदानावर शिल्लक होती. ईस्ट बंगाल जिंकला की बाजारात हिलसा माशाचा भाव चढतो आणि मोहन बागान जिंकला की कोळंबीचा, ही तेथील प्रसिद्ध गोष्ट वरकरणी गंमतीची आहे. ज्यांचे गाव नकाशावरून परके झाले, त्यांना ती तितकीशी गंमतीची वाटत नसावी.

या वृत्तीस काळी बाजूही आहे, आणि ती मुंबईने क्रिकेटमध्ये पाहिली. युरोपियन, पारशी, हिंदू, मुसलमान असे धर्मवार संघ पाडून तेथे वर्षानुवर्षे सामने होत. १९३७ पासून उरलेल्यांचा एक पाचवा संघही त्यांत आला. प्रेक्षकाची बाजू त्याच्या जन्मानेच ठरलेली. हिंदूंच्या संघातही पळवणकर बाळूसारख्या थोर गोलंदाजास केवळ जातीमुळे कर्णधारपद मिळाले नाही. त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल १९२३ मध्ये कर्णधार झाला, तेव्हा ती उणीव अंशतः भरून निघाली. १९४० च्या डिसेंबरात गांधीजींनी अशा सामन्यांविरुद्ध स्पष्ट मत दिले. १९४६ नंतर ते बंद झाले. पेठेची फळी आणि धर्माची फळी यांत अंतर आहे ते हे की, पेठेत राहावयास कोणीही येऊ शकतो. कोल्हापुरातही सामन्यांना हाणामारीचे गालबोट लागले आहे, हे लपवण्याचे कारण नाही. परंतु तेथे भिडणारे दुसऱ्या दिवशी एकाच मंडईत भाजी घेतात.

अलीकडे तालमींच्या संघांत परप्रांतीय व परदेशी खेळाडूही उतरू लागले आहेत. अकरांत पेठेची घरे आता पूर्वीइतकी नाहीत. तरीही गर्दी ओसरलेली नाही. आफ्रिकेतून आलेला तरुण तालमीचा सदरा अंगात घालतो, आणि त्याचे पूर्ण नाव उच्चारता न येणारी मुले त्याला ‘आपला’ म्हणून हाक मारतात. ब्लॅकबर्नचा विणकर, ढाक्याचा निर्वासित आणि नेरचा विद्यार्थी या तिघांपैकी कोणासही ही हाक समजावून सांगावी लागणार नाही.

२०१७ च्या ऑक्टोबरात सतरा वर्षांखालील मुलांची जागतिक स्पर्धा भारतात भरली. भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. भारत तिन्ही सामने हरला. त्या दिवसांपुरता कोल्हापूरच्या साऱ्या पेठांचा संघ एकच होता. पुढे स्थानिक हंगाम सुरू झाला आणि ज्याचा त्याचा झेंडा पुन्हा ज्याच्या त्याच्या तालमीवर चढला.