डोळ्यातला गुलाबी चट्टा: लिम्फोमाचे निदान आणि उपचार

बारामती-इंदापूर भागात उसात, डाळिंबाच्या बागेत उन्हातान्हात राबणाऱ्यांच्या डोळ्यात मांस वाढलेले आम्ही नेहमी पाहतो. हे टेरिजियम बहुधा नाकाच्या बाजूने बुबुळाकडे त्रिकोणी आकारात सरकते. तो कर्करोग नव्हे. पण डोळ्यातला प्रत्येक गुलाबी चट्टा म्हणजे टेरिजियम नसतो.

लिम्फोमा म्हणजे काय?
लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींचा हा कर्करोग. डोळ्याच्या पांढऱ्या भागावरील पातळ आवरणात तो क्वचित होतो, बहुधा पन्नाशीनंतर. बहुतेकदा तो ‘माल्ट’ या सावकाश वाढणाऱ्या प्रकारचा असतो.

लक्षणे
• गुळगुळीत, फिकट गुलाबी चट्टा, अनेकदा पापणीच्या आत दडलेला
• दुखत नाही, नजर सहसा चांगली असते
• डोळ्यात काहीतरी असल्यासारखे वाटणे, लाली
• कधी दोन्ही डोळ्यांत

दुखत नाही म्हणून रुग्ण थांबतो आणि मेडिकलमधून थेंब आणतो. त्यात स्टिरॉइड असेल तर चट्टा तात्पुरता लहान होतो, बरे वाटते आणि निदान लांबते. स्टिरॉइडमुळे काचबिंदूचाही धोका असतो.

निदान कसे होते?
नेत्रतज्ज्ञ पापणी उलटून स्लिट लॅम्पवर तपासतात. खात्री मात्र बायोप्सीनेच होते. डोळा बधिर करून छोटा तुकडा काढतात. त्यावर इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री करून प्रकार ठरतो. तुकडा काढल्याने कर्करोग पसरत नाही. आजार शरीरात इतरत्र आहे का, हे पाहण्यासाठी रक्ततपासणी, स्कॅन आणि गरजेनुसार अस्थिमज्जेची तपासणी करतात.

उपचार
आजार डोळ्यापुरता असेल तर कमी मात्रेचे रेडिएशन फार परिणामकारक ठरते. साधारणपणे 24 ग्रे, 12 भागांत. नंतर डोळा कोरडा पडणे, मोतीबिंदू होणे संभवते. काही निवडक रुग्णांना डॉक्सिसायक्लिन देतात. आजार पसरला असेल तर रिटुक्सिमॅब, गरजेनुसार केमोथेरपीसह. काही वेळा नुसते लक्ष ठेवणेही योग्य असते. आजार काही वर्षांनी उलटू शकतो, म्हणून बरे वाटले तरी तपासणी चुकवू नका.

तुम्ही काय कराल?
चट्टा दोन-तीन आठवड्यांत गेला नाही, तर नेत्रतज्ज्ञांना दाखवा. वापरलेल्या थेंबांची बाटली सोबत न्या. पुढील उपचारांची सोय पुण्यात, तसेच मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये आहे. खर्चाची काळजी असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे करा.